धुतलेली माती

"माझी माती खाल्ली तरी दाताखाली कच लागायची न्हाय," असं ख्वाजा झारेकरी एकदा म्हणाला होता.

म्हणाला तेव्हा तो अंबादास कुंभाराच्या अंगणात उकिडवा बसला होता आणि पुढ्यात ओलं पोतं उघडं होतं. अंबादासने चिमूटभर माती बोटांत चोळली, मग खरंच जिभेवर ठेवली. क्षणभर डोळे मिटले.

"लगा, ही माती हाय का लोणी?"

दोघेही हसले. त्या वर्षी अंबादासने बेंदराच्या सणाला विकायच्या मातीच्या बैलांची सगळी शिंगं त्या मातीची केली. एकही शिंग वाळताना तडकलं नाही. तेव्हापासून दर वर्षी बेंदराच्या आधी ख्वाजाने सायकलच्या कॅरिअरवर एक पोतं बांधून आणायचं आणि जाताना रंगवलेली एक बैलजोडी घेऊन जायची, असं ठरून गेलं. ख्वाजाची मुलगी नुजहत त्या बैलांशी खेळून मोठी झाली, लग्न होऊन मिरजेला गेली. बैल अजून कपाटावर आहेत.

झारेकरी म्हणजे काय, हे आता कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या पोरांनाही सांगावं लागतं. गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, सोन्याचांदीचं काम चालतं. कानस फिरते, करवत फिरते आणि डोळ्यांना दिसणार नाही इतकं सोनं खाली सांडतं. ते केरात जातं, कारागिराच्या हात धुतलेल्या पाण्यात जातं, पायरीवरून गटारात जातं. झारेकऱ्याने तो केर विकत घ्यायचा, गटारातला गाळ उपसायचा, जाळायचा, कुटायचा, चाळायचा, आणि लोखंडी पाटीत घालून धूत राहायचं. हलकं वाहून जातं, जड उरतं. मग त्यात पारा ओतून हाताने मळायचं. पारा सोनं आणि चांदी आपल्याला चिकटवून घेतो. पुन्हा एकदा धुवायचं. पाऱ्याचा गोळा फडक्यातून पिळून आगीवर धरायचा. पारा धूर होऊन जातो आणि तळाला एक मळकट, ओशाळलेला मणी उरतो. त्या मण्यावर ख्वाजाच्या घराच्या पिढ्या जगल्या.

त्यांची धुण्याची जागा नदीवर, घाटाच्या खालच्या अंगाला होती. तिथे काळ्या खडकाला एक खळगा आहे. धुण्याचं पाणी आधी त्या खळग्यात पडतं, जरा थांबतं, मग पंचगंगेत उतरतं. खळग्याच्या तळाशी जो गाळ बसतो, तो राखाडी आणि इतका बारीक असतो की बोटांना तो आहे हेच कळत नाही. ख्वाजाचा बाप तो गाळ संध्याकाळी पायाने नदीत लोटून द्यायचा. ख्वाजाला ते जिवावर यायचं. इतकी धुतलेली वस्तू वाया घालवायची? त्याने ती मित्राला दिली.

पाऱ्याबद्दल त्याच्या मनात भीती नव्हती, माया होती. लहानपणी तो पाऱ्याचा थेंब तळहातावर फिरवत बसे. थोडा पारा सांडणार, थोडा पाण्याबरोबर जाणार, हे धंद्यात धरलेलंच असतं. बाप सांगायचा, पारा जड, तो खाली जातो, खाली गेलं ते गेलं. अलीकडे ख्वाजाचे हात कापत. चहाची कपबशी हातात वाजायची.

"चहा पितोस का शिंपडतोस रं?" अंबादास विचारायचा.

"वय झालं की लगा. तुझं चाक फिरतंय, माझं हात फिरत्यात."

नदीची मात्र त्याला चीड होती, म्हणजे नदीला जे मारतात त्यांची. पाण्यावर फेस आला, मासे पोट वर करून तरंगले की घाटावरच्या टपरीवर पहिला आवाज ख्वाजाचा. वरचे कारखाने, वरचे नाले, वरची माणसं. नदीसाठी मानवी साखळी झाली तेव्हा तो सगळ्यांच्या आधी जाऊन उभा राहिला. 'आमची नदी आम्हाला परत द्या' असा फलक त्याच्या हातात होता आणि तो फलक हलत होता. लोकांना वाटलं, तो मुद्दाम हलवतोय.

त्यामुळे नंदिनी मॅडम नदीवर आल्या तेव्हा त्याला आपलं माणूस आल्यासारखं वाटलं. त्या शहरातल्या एका कॉलेजात शिकवत. पाण्यापेक्षा त्यांना गाळ हवा होता. पाणी आज इथे, उद्या कुरुंदवाडला, पण गाळ सगळं धरून ठेवतो, असं त्या म्हणाल्या. ख्वाजाने त्यांना नाल्याची तोंडं दाखवली. त्यांची प्लॅस्टिकची नळी चिखलात दाबून दिली.

"हितलं घ्या. हितं वरनं सगळी घाण उतरती. तपासा आन् नावानिशी छापा एकेकाला."

"आणि चांगली माती कुठे मिळेल, मामू? शेजारी ठेवून बघायला?"

ख्वाजा हसला. खळग्यात हात घालून त्याने एक मूठ काढली आणि त्यांच्या पिशवीत घातली. "ही न्या. सात पाण्यांनी धुतल्याली हाय. खाल्ली तरी दाताखाली कच लागायची न्हाय."

त्या हसल्या. पिशवीवर त्यांनी काहीतरी लिहिलं आणि खळग्यातलीही एक नळी भरून घेतली.

पुन्हा आल्या तेव्हा उन्हाळा संपत आला होता. ख्वाजा पाटी घेऊन पाण्यात बसला होता. त्या खडकावर त्याच्याशेजारी बसल्या, आणि त्या का बसल्या हे त्याला आधी कळलं नाही. बसायचं काही कारण नव्हतं.

"मामू, नाल्याखाली शिसं आहे, क्रोमियम आहे. ते त्यांचं. पण पारा सगळ्यात जास्त ह्या खळग्यात आहे. आणि तुम्ही दिलेल्या त्या मातीत."

"पाऱ्याचं काय, मॅडम. त्यो जड असतोय. खाली जातोय."

"खाली जातो. पण मग खालीच राहतो. तिथून जात कुठे नाही."

ख्वाजाने पाटी हलवणं थांबवलं. हात मात्र हलत राहिले. मॅडमनी त्या हातांकडे पाहिलं. ते त्याने पाहिलं, आणि त्याने हात पाण्यात घातले.

"ही माती कुणाच्या तोंडाला लागू देऊ नका. लहान मुलं, गरोदर बायका, त्यांच्या तर जवळही नको. पोटातल्या बाळाला पारा वाईट. कुणाला देता का तुम्ही ही?"

"माती कोन घेतंय, मॅडम?" तो म्हणाला.

पलीकडे कुणीतरी म्हशी धूत होतं.

"माझं नाव येतंय का त्यात?"

"नाही. जागा येईल. नाव नाही."

त्याला बरं वाटलं. पुढे जे सगळं त्याला आतून खात राहिलं त्यात हे बरं वाटणं सगळ्यात वर होतं. कारण ते वाटलं त्याच क्षणी त्याला भैरवी आठवली होती.

भैरवी अंबादासची सून. माहेर कुरुंदवाडचं. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, नवस झाले, दवाखाने झाले, जोतिबाचे खेटे झाले, आणि मग दिवस गेले. आणि डोहाळे लागले ते मातीचे. कुंभाराच्या घरात मातीला तोटा नाही, पण सासूच्या कानांना झोप नव्हती. बयाबाई स्वयंपाकघरातून ओरडायची, "कोन गं ते कचाकचा खातंय? पोराच्या डोक्यात माती भरू नगंस." भैरवी थुंकायची.

एकदा ख्वाजाने तिला माठांच्या उतरंडीमागे माती खाताना पाहिलं. ती शरमेने भिंतीला लागली. त्याला आपली नुजहत आठवली. दुसऱ्या दिवशी त्याने खळग्यातल्या मातीच्या वड्या आपल्या भट्टीच्या कडेला भाजल्या आणि कागदात बांधून तिला आणून दिल्या.

"खा. धुतल्याली हाय. वैनीला ऐकूबी यायची न्हाय."

आणि खरंच बयाबाईला काही ऐकू आलं नाही. भैरवी सासूशेजारी बसून भाजी निवडत खायची, आणि दातांचा आवाज होत नव्हता. संपल्या की ती ख्वाजाकडे नुसती बघायची. त्याने परत आणून दिल्या. परत दिल्या.

त्या संध्याकाळी त्याने मेहरुन्निसाला सगळं सांगितलं. ती त्याची बायको. कमी बोलायची, आणि त्याच्याशी बोलली तर घरच्या बोलीत.

"अब्बी जाव. अब्बीच बोलो उनकू," ती म्हणाली.

तो गेला. सायकल अंबादासच्या दाराशी लावली. आत फळीवर बैल वाळत होते, रांगेने, एकापुढे एक. सगळ्यांना शिंगं आली होती. या वर्षीचं पोतं कोपऱ्यात अर्धं शिल्लक होतं.

"ये, ये. बरं झालं आलास," अंबादास म्हणाला. "पुढच्या ऐतवारी सुनेचं डोहाळजेवण हाय. वैनीला घिऊन ये. न्हाय आलास तर तंगडी मोडतो."

बयाबाईने चहा दिला. कपबशी वाजली. ख्वाजाला बोलायचं होतं. वाक्य तयार होतं, घरापासून तो तेच म्हणत आला होता. ते असं सुरू होत होतं: अंबादास, माझ्याकडनं एक चूक झालीया. पण 'चूक' हा शब्द तोंडात आला की त्याला तो फलक आठवायचा, टपरीवरचा आपलाच आवाज आठवायचा. वरची माणसं. नावानिशी छापा.

"ती माती परत दे," तो म्हणाला.

"कंची?"

"ती, पोत्यातली. मला पायजे."

अंबादासने चाक थांबवलं. "दिल्यालं परत मागतोस? कोल्लापूरचाच हाईस न्हवं? का पलीकडच्या गल्लीतल्या कुंभारानं जास्त बैलं कबूल केली?"

"दे की. काम हाय."

"मातीचं काय काम हाय तुला? मेल्यावर मिळंल की फुकट."

बयाबाई हसली. "न्हिऊ दे हो. भावजींचं डोस्कं उन्हानं फिरलंय."

तेवढ्यात भैरवी दारात आली. पाण्याची कळशी कमरेवर, पोट पुढे, तोंड मिटलेलं. गाल हळूहळू हलत होता. कसलाही आवाज नव्हता. ख्वाजाने तिच्याकडे पाहिलं. ती ओळखीचं हसली, चोरी एकत्र केलेल्या माणसांचं हसू. त्याने मान खाली घातली, पोतं उचललं, कॅरिअरला बांधलं आणि निघाला. वेशीपर्यंत सायकलवर बसण्याचंही त्याला सुचलं नाही.

मेहरुन्निसा दारातच होती.

"मिट्टी तो ले आए," ती म्हणाली. "बात किदर छोडके आए?"

पोतं कुठे ठेवायचं हा प्रश्न होता. घरात तिने नको म्हटलं. गल्लीत पोरं खेळतात. नदीत टाकायचं तर आता नदी पहिल्यासारखी नव्हती. म्हणजे नदी तीच होती, पण ती आता काहीही वाहून नेत नव्हती. महापूर आला होता तेव्हा ह्याच नदीने गंगावेशीतल्या घराघरात गुडघाभर गाळ आणून ठेवला होता आणि लोकांनी तो खराट्याने परत तिच्याकडे लोटला होता. तेव्हा त्या चिखलाला शिव्या घालणाऱ्यांत ख्वाजा होता. पोतं सायकलवरच राहिलं. तो रोज गुजरीत जायचा, पोतं त्याच्याबरोबर जायचं, परत यायचं. नदीवर मात्र तो गेला नाही. अंबादासच्या गल्लीतूनही गेला नाही. उद्या सांगू, असं तो स्वतःशी म्हणायचा. आणि स्वतःला असंही सांगायचा, की माती तर आणली, आता भैरवीकडे कुठली उरली असेल.

रविवारी दोघं चालत गेले; पोतं बांधलेली सायकल ख्वाजाने ढकलत नेली आणि दाराशी लावली. मेहरुन्निसाने हिरव्या बांगड्या घेतल्या होत्या. ती आत बायकांत बसली. ख्वाजा अंगणात अंबादासशेजारी बसला. मधलं दार उघडं होतं. भैरवी हिरव्या साडीत, केसांत फुलांची जाळी, खुर्चीवर अवघडून बसली होती. समोर दोन झाकलेल्या वाट्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. तिने एक उघडली.

"पेढा! पेढा! पोरगा गं बाई!"

"त्यो पेढा बयाबाईनंच सरकावला बगा फुडं!"

"सरकावला तर सरकावला, नातू माझाच हाय की!"

हसणं अंगणापर्यंत आलं. अंबादासने ख्वाजाच्या मांडीवर थाप मारली. मग बयाबाई पदराखाली काहीतरी घेऊन आतून आली आणि तिने तिसरी वाटी सुनेपुढे ठेवली.

"आन् ही माझ्याकडनं. वळख काय हाय ते."

भैरवीने झाकण काढलं आणि तोंडाला पदर लावला. वाटीत मातीच्या राखाडी वड्या होत्या. तव्यावर पुन्हा ताज्या भाजलेल्या.

"तांदळाच्या डब्यात लपीवलीवतीस न्हवं?" बयाबाई म्हणाली. "इतकं दीस चोरून खाल्लीस. आज डोहाळ्याचा दीस हाय, आज सासूच्या हातनं खा. उजेडात खा."

बायका टाळ्या वाजवत होत्या. भैरवीने एक वडी उचलली आणि तिचा कोपरा दातांनी तोडला.

"टाक ती! भैरवी, टाक!"

कपबशी फुटली. ख्वाजा पायातल्या चपलांसकट बायकांच्या खोलीत उभा होता.

"टाक म्हनतो न्हवं! थुक!"

ती इतकी घाबरली की तिने हातावर थुंकलं.

"भावजी," बयाबाई म्हणाली, "काय सपान पडलं व्हय तुमास्नी?"

"पारा हाय त्यात." "माझा पारा. कॉलेजातल्या बाईनं तपासली. पोटातल्या पोराला वाईट आसतंय. मीच दिलतो तिला. मी भाजून दिलतो."

भैरवीने हात तसाच पुढे धरून ठेवला होता, कुठे पुसावा हे न कळून. मेहरुन्निसा उठली, आपल्या ओढणीने तो हात पुसला आणि म्हणाली, "चल बेटा. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जाऊ. रिक्षा बोलवा कुनीतरी." एक बाई रिक्षा बघायला पळाली.

अंबादास दारात येऊन उभा होता. त्याने ख्वाजाकडे पाहिलं, मग फुटलेल्या बशीकडे. तो मोठ्याने बोलणारा माणूस, पण आता हळू बोलला.

"ह्येचा काय दोस? ह्येला काय ठावं हुतं? आजच कळलं आसंल, आन् धावत सुटलं बिचारं."

"व्हय की," कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली. "देवासारका येळंवर आला. न्हायतर पोरगी आनि खात बसली आसती."

"बसा भावजी. पानी प्या," बयाबाई म्हणाली.

सगळ्या माना हलल्या. त्या खोलीत ख्वाजासाठी जागा झाली. एका बाईने खरंच पाट सरकवला. त्याला फक्त बसायचं होतं. नंदिनी मॅडम इथे नव्हत्या. अहवालात नाव येणार नव्हतं. त्याला ठाऊक होतं हे जाणणारं एकच माणूस होतं, आणि ती भैरवीचा हात धरून उभी होती. ती त्याच्याकडे बघत होती. डोळ्यांनी ती काही मागत नव्हती. नुसती बघत होती.

"आज न्हाय," ख्वाजा म्हणाला.

"काय?"

"आज न्हाय कळलं. माती परत न्यायला आलतो, तवाच ठाऊक हुतं मला."

बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. अंबादास फळीकडे वळला. त्याने वाळलेला एक बैल उचलला, त्याच मातीच्या शिंगांवरून अंगठा फिरवला आणि बैल खाली जमिनीवर ठेवला. मग दुसरा उचलला.

भैरवी दाराशी आली. उंबऱ्यावर ती थांबली. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

"तवा मी समोरच उभी हुते की, मामू," ती म्हणाली. "माझ्या तोंडात घास हुता. तुमी बघितलं."

तिला घेऊन मेहरुन्निसा रिक्षात बसली. बयाबाई तिच्यामागे धावता धावता मध्येच थांबली. आयुष्यभराच्या सवयीने, जेवायच्या घरातून माणूस उपाशी निघालेला दिसला म्हणून, तिच्या तोंडून निघून गेलं, "भावजी, जेवून जावा." मग तिला स्वतःलाच ते ऐकू आलं आणि तिने तोंडावर पदर धरला.

फळीवरचे बैल एकेक करून जमिनीवर उतरत होते. अंबादासने वर पाहिलं नाही. ख्वाजाने बशीचे तुकडे वेचले. हात कापत होते म्हणून त्याला वेळ लागला. ते तुकडे त्याने अंबादासच्या चाकाच्या कडेला रचून ठेवले, टोपी नीट केली, आणि दाराशी लावलेल्या, पोतं बांधलेल्या सायकलीला हात न लावता तिच्या पुढून पायीच निघून गेला.